धुऱ्यावरच्या निळ्या चिंध्या

इतर दुकानांत गिऱ्हाईक पिशवी घेऊन येतं. आमच्या दुकानात ते मुळासकट उपटलेलं झाड घेऊन यायचं. कुणी शर्टाच्या खिशातून, कुणी टोपीतून, एकानं तर पोराच्या जुन्या चड्डीत गुंडाळून आणलं होतं. ते काउंटरवर आपटायचं, आरोपीकडे दाखवावं तसं त्याच्याकडे बोट करायचं आणि विचारायचं, "याले काय मारू?"

बार्शीटाकळीच्या एका कृषी केंद्रात त्या काउंटरमागे माझी उभी हयात गेली. बियाणं विकलं, खत विकलं, पंपाचे वायसर विकले; पण माझं खरं खातं तणनाशकाचं. वावरात न पेरता उगवतं आणि पिकाच्या वाट्याचं खातं, ते तण. त्याला मारायच्या विषाला आमच्याकडे औषध म्हणतात. त्यामुळे गावात माझी ओळख 'औषधवाले दिनकरभाऊ' अशी होती. एकदा बडनेऱ्याहून आलेले पाहुणे मला डॉक्टर समजून गुडघा दाखवायला लागले. मी बघितला. वायसर गेला आहे म्हणालो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, झाड मारायचं औषध द्यायला अक्कल कशाला लागते? डबा काढा, द्या. पण एक औषध रुंद पानाच्या झाडाला मारतं आणि गवताला हात लावत नाही. दुसरं गवताला मारतं, रुंद पानाकडे ढुंकून बघत नाही. तिसरं समोर येईल त्याला आडवं करतं. ते धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर मारायचं. आता सोयाबीन आहे रुंद पानाचं आणि ज्वारी आहे गवताच्या जातीची. काउंटरवरचं झाड कोण, हे सांगताना माझी चूक झाली, की तण हसत उभं राहणार आणि पीक झोपणार. आणि ओळख पटवायची ती दोन-चार पानं असतानाच. मोठं झालेलं झाड कुणीही ओळखतो. आम्हाला चोर मिशा फुटायच्या आधी ओळखावा लागतो.

मी कृषी पदविका घेऊन ताठ मानेनं काउंटरवर उभा राहिलो, तेव्हा मला पुस्तकातली सगळी तणं चित्रांवरून पाठ होती. घोटाळा एवढाच, की चित्रांत सगळ्यांना फुलं होती आणि काउंटरवर येणाऱ्यांना नव्हती. पहिल्याच हंगामात एका शेतकऱ्यानं आणलेली हिरवी काडी मी गवत समजलो आणि गवताचं औषध दिलं. पंधरवड्यानं तो हसतमुखानं परत आला. हातात तेच, पण चांगलं पोसलेलं.

"साहेब, तुमचं औषध लै भारी हाय. यानं अंग धरलं पाहा!"

आमचे शेठ गल्ल्यावर बसून ऐकत होते. माणूस कंजूष, पण जन्म त्याच दुकानात गेलेला. त्यांनी ती काडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दिनकर, बोटात फिरव इले. गोल फिरली तं गवत. अडखयली तं लव्हाळा." मी फिरवली. काडी तिधारी होती, बोटात अडखळली. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. गवताचं औषध त्याला पंचामृतासारखं. त्या दिवसापासून मी डोळ्यांवरचा विश्वास कमी केला आणि बोटांवरचा वाढवला.

मग मला नादच लागला. माका ओळखायचा तर पान तळहातावर चुरगाळायचं. थोड्या वेळानं हात काळा पडतो. दुधी तोडली की पांढरा चीक येतो. केन्याला निळं इवलं फूल येतं. दिसायला गरीब, पण तोडून फेकला तर पेरापेराला मुळ्या फोडून तिथंच संसार थाटतो. देव तारी त्याला कोण मारी, ही म्हण केन्यावरूनच पडली असणार. आघाडा ओळखायला डोळे लागतच नाहीत, तो आपल्या पँटला धरून घरी येतो. कुंदा म्हणजे काळ्या जमिनीतलं गवत, त्याचं मूळ इतकं खोल जातं की कुंदा उपटण्यापेक्षा वावर विकलेलं बरं, असं लोक म्हणतात. गाजरगवत सोडलं, ते परदेशचं, तर यातले बहुतेक इथलेच गाववाले. आपल्या पणजोबांच्या आधीपासून या मातीत नांदणारे.

पण बालपणातला चेहरा कसा शिकायचा? मी दुकानामागं गोडेतेलाचे कापलेले डबे मांडले. हंगाम संपताना धुऱ्यांवरून एकेकाचं बी गोळा करायचं, डब्यात पेरायचं आणि रोज सकाळी बघायचं, की पहिलं पान कसं येतं, दुसरं कसं. तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, पहिलं पान वेगळं, मग जोडीजोडीनं पानं येतात आणि संध्याकाळी ती जोड्या मिटून झोपतात. कुंजर लहानपणीच देठाला लाल होतो. या डब्यांना मी पाणी घालायचो, सावली धरायचो. शेठ कपाळाला हात लावायचे.

"अरे भाई, पुढच्या दारानं आपन याले माराचं औषध विकतो, अन् मागच्या दारानं तू याले पानी घालतो! कोनी पाह्यलं तं काय म्हनन?"

"शेठ, पोलिसाला चोराचा फोटो लागतोच ना?"

"फोटोले खत नाई टाकत कोनी."

एक शेतकरी दर वर्षी यायचा. शेजाऱ्याच्या बाभळीची सावली त्याच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पडते, तर बाभळीला कळू न देता मरेल असं काही द्या म्हणायचा. 'बाभळीला' कळू न देता! एक गुरुजी रानात सापडणाऱ्या प्रत्येक रोपाला 'दुर्मिळ' म्हणायचे आणि मी ते गोखरू आहे म्हटलं की माझ्यावर रुसायचे. एक तरुण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा. फोटोत त्याचा अंगठा स्वच्छ यायचा, तण धूसर. आणि एक भले गृहस्थ एकदा तणतणत आले, वावरात ओळीनं हे नवीनच तण उगवलंय, ताबडतोब औषध द्या. मी रोप हातात घेतलं, हळूच विचारलं, "भाऊ, तूर पेरली होती का?" ते रोपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बायको बोलली होती मले." आणि रोप खिशात घालून निघून गेले.

अशाच एका आषाढात, दुकान बंद करायच्या वेळी, मागच्या बाजूला कुणाची चाहूल लागली म्हणून गेलो. एक बाई टोपलं कमरेवर घेऊन माझ्या डब्यांसमोर उभी होती. उंच, सडसडीत, कपाळावर आडव्या आठ्या. मला बघून दचकली वगैरे काही नाही, उलट तिनंच विचारलं.

"हे कुंजर डब्यात काहून लावलं?"

"बघायला," मी म्हणालो.

"खाची वस्तू पाह्यासाठी लावता? नवलच हाय तुमचं!"

या गोकर्णाबाई. काटेपूर्णा नदीच्या अंगाला राहायच्या. पावसाळाभर धुऱ्यांवरून, पडीतातून रानभाजी खुडायची, जुड्या बांधायच्या आणि पहाटेच्या ऑटोनं अकोल्याला नेऊन एका चौकाच्या कोपऱ्यावर विकायची, हा त्यांचा धंदा. तरोटा, कुंजर, घोळ, काटवल, जे ज्या आठवड्यात येईल ते. मी ज्याला तण म्हणत होतो त्यावर त्यांचं घर चालत होतं. नवरा कमरेतून अधू, पोरगी अकोल्याला नर्सिंग शिकत होती. पण त्या संध्याकाळी त्या गप्पा मारायला आल्या नव्हत्या.

"भाऊ, धुऱ्याचं औषध आज कोनं नेलं?"

मला आधी वाटलं, ही कुणाची हेर. मग त्यांनी कारण सांगितलं. हजारो डबे विकूनही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. धुऱ्याचं औषध सावकाश काम करतं. पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत उतरतं; वरून झाड चार-पाच दिवस तसंच हिरवंगार, टवटवीत उभं असतं. मग पिवळं पडतं. म्हणजे मधले ते दिवस भाजी खुडणाऱ्याला काही कळायचा मार्ग नाही. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला धड वास येत नाही. माझं बोटात काडी फिरवायचं सगळं शास्त्र तिथं फुकट. फवारलेला तरोटा आणि न फवारलेला तरोटा, दोघंही सारखेच तरोटे.

"पैले असं नव्हतं," गोकर्णाबाई म्हणाल्या. "पैले बाया धुरा विळ्यानं कापे. आता कोन कवा मारून जाते, पत्ता लागत नाई. तुमच्या दुकानातून जाते ना ते? मंग तुमालेच मालूम राहीन."

खरंच होतं. तेव्हापासून पावसाळ्यात रोज संध्याकाळी त्या यायच्या, मी सांगायचो. आज अमक्यानं नेलं, त्याचं वावर रस्त्याच्या अंगाला. तमक्यानं नेलं, त्याचं नाल्याकाठी. त्या मान हलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूला फिरकायच्या नाहीत. पण माणसं आज नेतात आणि पोरीचं लग्न उरकल्यावर मारतात. काही तर विचारलं की खोटंच सांगतात. आपल्या वावराची चौकशी कुणाला आवडते?

त्यावर आम्ही उपाय काढला, तो म्हणजे चिंधी. खताच्या रिकाम्या निळ्या पोत्यांच्या मी लांब पट्ट्या कापल्या. धुऱ्याचं औषध नेणाऱ्याला डब्याबरोबर दोन पट्ट्या द्यायच्या. फवारलं की धुऱ्याच्या दोन टोकांना काठीवर बांधायच्या. हिरव्यात निळं लांबून दिसतं. शेठ आधी कडाडले.

"म्हंजे आपनच सांगाचं का, आपलं औषध वाईट हाय?"

"शेठ, गावातल्या शेळ्या कुणाच्या धुऱ्यावर चरतात?"

शेठ विचारात पडले. त्यांच्याकडे शेळ्या नव्हत्या, पण गावात होत्या आणि शेळ्यांचे मालक आमचे गिऱ्हाईक होते. चिंध्या सुरू झाल्या. गोकर्णाबाईंसाठी चिंधी बांधायला जे लोक खळखळ करत, तेच शेळीसाठी मुकाट्यानं बांधू लागले. बाईच्या टोपल्यापेक्षा शेळीचं पोट मोठं, असं गोकर्णाबाई म्हणायच्या, पण हसून. दोन-तीन पावसाळे हे बिनबोभाट चाललं.

आणि मग ती श्रावणातली सकाळ. पोळा तोंडावर आला होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वामनराव, ओढ्याकडच्या वावराचे मालक, पाठीवरचा पंप घेऊन आत शिरले.

"दिनकरभाऊ, याचा वायसर बदलून द्या. लै गळून राहिला."

मी पंप हातात घेतला. पंपाच्या नळीला, जिथून गळती होती तिथं, निळ्या चिंध्या गच्च गुंडाळलेल्या होत्या. दोन्हीच्या दोन्ही.

"वामनराव, या चिंध्या नळीला का बांधल्या?"

"गळती थांबत नव्हती जी. खिशात त्याच होत्या."

"म्हणजे तुम्ही फवारलं? तुम्ही तर पोळा झाल्यावर मारणार होते."

"हाव, पन काल संध्याकायी मोकया होतो, म्हनलं उरकून टाकाव. ओढ्याकडचा धुरा पुरा केला."

आदल्या दिवशी संध्याकाळी गोकर्णाबाईंनी विचारलं होतं आणि मीच सांगितलं होतं, ओढ्याकडचा धुरा मोकळा आहे, पोळ्यापर्यंत खुशाल जा. त्या पहाटे तिथं चिंधी नव्हती आणि माझा शब्द होता. त्यांनी कुंजर आणि तरोटा खुडला असणार, आणि आता तो अकोल्याच्या चौकात असणार.

फोन लावला. वाजत राहिला. त्यांचा फोन नेहमी टोपल्याच्या तळाशी, भाजीखाली. मी शेठजवळ गेलो आणि सांगितलं, मला अकोल्याला जावं लागेल, आत्ता.

"भर सीझनमध्ये?" शेठ ओरडले. मी दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. त्यांनी खिशातून किल्ली काढून फेकली. "माही गाडी ने. तुह्या फटफटीनं दुपार होईन."

कंजूष माणसाबद्दल मी आधी जे लिहिलं ते मागं घेत नाही. पण ही किल्लीही लिहून ठेवतो.

अकोल्यात चौकात पोचलो तर गोकर्णाबाई रिकामं टोपलं झटकत होत्या. चेहरा खुललेला. एका महिला मंडळाचा रानभाजी मेळावा होता जवळच्या सभागृहात. मंडळाच्या बायकांनी सकाळीच येऊन जवळजवळ सगळा माल उचलला होता. त्याआधी चार-पाच जुड्या सुट्या गिऱ्हाइकांनी नेल्या होत्या, एक सोडून सगळी नेहमीची. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी टोपलं खाली ठेवलं आणि त्याच्याशेजारीच बसल्या.

"शिजवल्यावर जाते का ते?"

"नाही जात."

"मानूस मरते?"

"घास-दोन घासांनी मरणार नाही बहुतेक. पण मी माझ्या पोरांना देणार नाही."

मग हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, इथं एकडाव नाव गेलं, तं माह्या टोपल्याकडे कुत्रं बी पाहनार नाई. पोरीचं शेवटचं वर्स हाय."

मला त्यांची फार दया आली, आणि दया आली की माणूस शहाणपणा करायला जातो. मी म्हणालो, "तुम्ही येऊच नका. मी जातो. सांगतो, की यात कुंजरासारखं दिसणारं दुसरंच झाड मिसळलंय, खायचं नसतं. मी तणांचा जाणकार, माझं ऐकतील. तुमचं नाव निघणार नाही."

गोकर्णाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

"मंग त्या बाया उद्यापासून कुंजरालेच भेतीन. कुंजराचा काय गुन्हा?"

त्या पुढं निघाल्या, मी मागं.

सभागृहात टेबलं मांडली होती, प्रत्येक भाजीपुढे तिच्या नावाची पाटी. कुंजराची भजी तळून ताटल्यांत निघाली होती, तरोट्याची भाजी पातेल्यात वाफा सोडत होती. वर व्यासपीठावर प्रमुख पाहुण्यांचं भाषण चाललं होतं. ते आपल्या लहानपणात शिरले होते आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हते. भाषण संपल्याशिवाय जेवण नाही, हा नियम. आयुष्यात पहिल्यांदा मी एका लांबलेल्या भाषणाला मनापासून दुवा दिला.

मंडळाच्या अध्यक्ष सुलभाताई, ठेंगण्या, लगबगीच्या. त्यांना कानात सांगितलं. बाई शहाण्या; आरडाओरडा नाही, दोष देणं नाही. त्यांनी आधी ताटल्या झाकल्या. मग म्हणाल्या, काही भजी आतल्या खोलीत कार्यकर्त्यांकडे गेलीत, काही मागच्या रांगेत. एकेकाला शोधण्यापेक्षा माइकवरूनच सांगावं लागेल. मी पुढं झालो. गोकर्णाबाईंनी मला हातानं अडवलं.

पाहुण्यांच्या हातून माइक कसा काढून घेतला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. एका वाक्याला ते गुरुजींच्या छडीवर होते आणि पुढच्या वाक्याला गोकर्णाबाई बोलत होत्या.

"बाया हो, हा कुंजर अन् हा तरोटा म्या आनला. ज्या धुऱ्यावरून आनला त्याच्यावर काल औषध मारलं होतं. सकायी मले मालूम नव्हतं, आता झालं. कुंजर चांगला हाय, तरोटा बी चांगला हाय. आजची जुडी वाईट हाय. कोनी तोंडात घालू नका, घातली असन तं थुका. माहं नाव गोकर्णा. मी चौकात बसतो. उद्या कोनी इचारलं तं सांगजा, का म्याच सांगतलं."

मग खुर्च्या सरकल्या, ताटल्या वाजल्या, कुणी तरी नळाकडे पळालं; विचारणाऱ्या बायकांना 'ते औषध मीच विकतो' म्हणत मी चुळा भरायला सांगत होतो. मागच्या अंगणात खड्डा खणून आम्ही सगळी भाजी पुरली. एक बोकड वास घेत आला, त्याला सुलभाताईंनी स्वतः हाकललं. पाहुण्यांना वरण-भात मिळाला. ते फार समजूतदारपणे जेवले आणि उरलेलं लहानपण त्यांनी कुणालाच ऐकवलं नाही.

नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या घरी आम्ही दारोदार गेलो. एकीची भाजी चिरून झाली होती, एकीनं फ्रिजमध्ये ठेवली होती, एकीनं दार उघडून पुरतं ऐकूनही घेतलं नाही, जुडी बाहेर फेकली. फक्त एक राहिला. हेल्मेट घातलेला स्कूटरवाला, पहिल्यांदाच आलेला, एक जुडी डिक्कीत टाकून गेलेला. गोकर्णाबाईंनी त्याचा चेहराच पाहिला नव्हता. त्याचं काय झालं, मला अजून माहीत नाही. काही वाईट झालं असतं तर कानावर आलं असतं, अशी मी समजूत घालतो, पण ती पूर्ण बसत नाही.

वामनरावांना मी काही बोललो नाही. गरज पडली नाही; त्यांना शेठ बोलले आणि ते पुरेसं होतं. त्यानंतर त्या माणसानं चिंध्यांचा असा ध्यास घेतला की धुऱ्यावर, फाटकावर, विजेच्या खांबावर, सगळीकडे निळं. पोळ्याला त्यांच्या बैलांच्या शिंगांनाही निळ्या पट्ट्या होत्या. लोक विचारायचे, बैलावर फवारलं का? शेठनी नियमच केला, आधीच्या धुऱ्याला चिंधी बांधल्याचं शेजाऱ्यानं सांगितल्याशिवाय दुसरा डबा नाही. धंद्याच्या तोट्याचा नियम शेठनी केलेला मी हा एकच पाहिला.

पण चौकातला कोपरा ओस पडला होता. गोकर्णाबाई रोज जायच्या आणि भरलं टोपलं परत आणायच्या. संध्याकाळी दुकानाशी थांबायच्या, पण धुरा विचारायच्या नाहीत.

"लोक भाजी पाहते, मले पाहते, अन् पुढं जाते," एकदा म्हणाल्या. "खोटं बोलली असती तं खपली असती भाऊ." आणि मग लगेच, "पन नाई. बरं झालं."

त्या 'बरं झालं'नं माझी झोप उडवली. शब्द माझा होता, चिंधीची शक्कल माझी होती आणि रिकामा कोपरा त्यांचा. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी पहाटे त्यांच्याबरोबर निघालो. चिंध्या बघत बघत आम्ही मोकळ्या धुऱ्यांवरून फिरलो, त्यांनी खुडलं, मी जुड्या बांधल्या; माझ्या जुड्या त्यांनी सोडून पुन्हा बांधल्या. ऑटोनं अकोल्याला आलो. कोपऱ्यावर पोतं अंथरलं, भाजी मांडली आणि मी त्यांच्याशेजारी मांडी घालून बसलो. तणनाशक विकणारा माणूस तण विकायला बसलेला. शेठनी पाहिलं असतं तर पुन्हा कपाळाला हात लावला असता.

बायका येत, थबकत आणि जात. मग एक चष्मेवाल्या बाई थांबल्या. त्यांनी आधी गोकर्णाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी त्या दिवशी मेळाव्यात होते ना? औषधवाले?"

"हो."

"तुमच्या घरी खाते का ही भाजी?"

गोकर्णाबाई माझ्याकडे बघत होत्या. एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ज्या बाईनं माइकवर खरं सांगितलं तिच्या पोत्यावर बसून मला खोटं बोलता येईना.

"आजपर्यंत नाही खाल्ली," मी म्हणालो.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. रेल्वे क्वार्टरमध्ये लहानाचा मोठा झालो, तिथं बटाटा आणि कोबी. नोकरी लागल्यावर तर धुऱ्यावरचं काही घरात येऊ दिलं नाही, कारण धुऱ्यावर काय जातं ते मला ठाऊक होतं. शेकडो रोपं मी पहिल्या पानापासून ओळखत होतो. जिभेवर एकही ठेवलं नव्हतं.

चष्मेवाल्या बाईंनी पर्स बंद केली. मी हात पुढं केला, समोरच्या ढिगातून घोळीची एक काडी उचलली, बाटलीतल्या पाण्यानं धुतली. घोळ कच्चीच खातात, एवढं ऐकून माहीत होतं. गोकर्णाबाईंनी आपल्या फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. त्या क्षणी मला त्या हंगामात विकलेला प्रत्येक डबा आठवला आणि तो नेणारा प्रत्येक माणूस. कुणी चिंधी बांधली असेल, कुणी विसरला असेल, कुणाची नळी गळत असेल. ज्या चिंध्यांच्या भरवशावर मी या बाईला इतके पावसाळे रानात पाठवत होतो, त्यांच्यावर मला स्वतःला कधी भरवसा ठेवावा लागला नव्हता.

मी घास तोंडात घातला. चावला नाही, नुसता गिळला. चष्मेवाल्या बाई माझ्या गळ्याकडे बघत उभ्या होत्या. घास खाली उतरल्यावर त्या वाकल्या.

"दे वं बाई दोन जुड्या. एक घोयची दे, यायनं खाल्ली त्याच्यातलीच."

गोकर्णाबाईंनी जुड्या दिल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि उरलेली अर्धी भाकरीही माझ्या हातावर ठेवली. दुसरा घास मी नीट चावला. घोळ आंबट होती.